खिशातल्या गाण्यांसाठी कोणते कार्ड घ्यावे?
घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने करावयाचा हिशेब

दादर पूर्वेकडील नायगावच्या बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. ४२ इमारती आणि जेमतेम १६० चौरस फुटांच्या खोल्या. २०१७ साली या चाळींच्या पुनर्विकासाचा नारळ फुटला आणि पुढे टप्प्याटप्प्याने खोल्या रिकाम्या करण्याचे काम सुरू झाले. आसपासच्या इतर जुन्या चाळींवरही अशीच वेळ आली. खोली रिकामी करायची म्हटले की माळ्यावरचे सामान खाली येते. पत्र्याच्या ट्रंका, पितळेची भांडी, मुलांची जुनी पुस्तके आणि बहुतेक घरांत एक पिशवी कॅसेटींची. टेपरेकॉर्डर कधीच बिघडलेला असतो, पण कॅसेटी कुणी टाकलेल्या नसतात.

मग प्रश्न पडतो, या कॅसेटींचे करायचे काय? घरातला तरुण मुलगा सांगतो, "यातले सगळे एका चिपमध्ये मावेल." मुलाचे म्हणणे खरे आहे. नखाएवढ्या मेमरी कार्डात शंभर कॅसेटी सहज मावतात आणि ते कार्ड एखाद्या छोट्या प्लेअरमध्ये किंवा स्पीकरमध्ये घातले की गाणे सुरू होते. परंतु बाजारात गेले म्हणजे डोके चक्रावून जाते. कार्डावर अनेक आकडे असतात, अनेक खुणा असतात आणि एकाच आकाराच्या दोन कार्डांच्या किमतीत दुपटी-तिपटीचा फरक असतो. काही प्लेअर कार्ड घेतात, काही पेनड्राईव्ह घेतात, तर काही दोन्ही घेत नाहीत. म्हणून हा विषय या पानावर सविस्तर मांडण्याचे आम्ही ठरविले. हे लिखाण गिऱ्हाइकासाठी आहे आणि कार्डे विकणाऱ्या छोट्या दुकानदारासाठीही आहे.

आमचीच फसगत

प्रथम आमच्या घरचाच अनुभव सांगतो. नायगावातील आमच्या जुन्या चाळीतील खोली सोडताना वडिलांच्या ६२ कॅसेटी निघाल्या. त्यांत रेडिओवरून भरून घेतलेल्या कव्वाल्या होत्या, शाहिरांचे पोवाडे होते आणि कोकणातल्या गावी लग्नघरात बायकांनी म्हटलेली गाणी होती. त्या बायकांमध्ये आमची दादी होती. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नव्हता.

एका परिचिताचा संगणक चार आठवड्यांसाठी मागून आणला. रोज रात्री दोन-तीन कॅसेटी वाजवून त्या संगणकात उतरविल्या. नंतर रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून '१२८ जी.बी.' असे छापलेले कार्ड घेतले. किंमत इतकी कमी होती की त्याच वेळी संशय यायला हवा होता. सगळी गाणी कार्डावर भरली. संगणकाने एकही चूक दाखविली नाही. पहिल्या चार-पाच कॅसेटी वाजवून पाहिल्या, आवाज उत्तम होता. संगणकातील फाईली पुसून तो परत केला आणि दुसऱ्याच दिवशी कॅसेटी भंगारवाल्याला दिल्या.

दोन महिन्यांनी कळले की २७ कॅसेटींनंतर कार्डात काहीच नाही. फाईलींची नावे दिसत होती, वाजत मात्र नव्हत्या. त्या कार्डाची खरी क्षमता सुमारे ४ जी.बी. होती. दादीची कॅसेट ४१ वी होती.

हे रडगाणे गाण्यासाठी सांगत नाही. जी चूक आम्ही केली ती वाचकांनी करू नये, एवढाच हेतू आहे. आम्ही स्वस्त माल घेतला ही पहिली चूक. शेवटची कॅसेट वाजवून पाहिली नाही ही दुसरी. आणि दुसरी प्रत नसताना मूळ कॅसेटी टाकून दिल्या ही तिसरी, आणि सर्वांत मोठी.

माध्यमे आली आणि गेली

आज कोणते माध्यम निवडावे हे ठरविण्यापूर्वी मागे काय घडले ते पाहणे उपयोगाचे आहे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली. सोनीचा वॉकमन १९७९ साली आला आणि गाणे खिशात घालून फिरता येऊ लागले. आपल्याकडे १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटींनी बाजार व्यापला. १९९२ साली सोनीने मिनीडिस्क आणली. तिच्यात ७४ मिनिटे मावत आणि ती पुन्हा पुन्हा भरता येत असे. जपानमध्ये ती चालली, आपल्याकडे फारशी दिसली नाही. कोऱ्या मिनीडिस्कचे उत्पादनही सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबविले.

एम.पी.थ्री प्लेअर १९९८ साली बाजारात आले. त्यांपैकी 'रिओ पी.एम.पी. ३००' हा अमेरिकेत विशेष गाजला. त्याची स्वतःची जागा होती ३२ एम.बी., म्हणजे सुमारे अर्ध्या तासाचे संगीत. जास्त हवे असेल तर बाजूच्या खाचेत 'स्मार्टमीडिया' नावाचे पातळ कार्ड घालायचे. या स्मार्टमीडियाची धाव १२८ एम.बी.पर्यंतच गेली आणि ते कार्ड बाजारातून नाहीसे झाले. १९९४ चे कॉम्पॅक्टफ्लॅश, १९९७ चे एम.एम.सी., सोनीचे १९९८ चे मेमरी स्टिक अशी आणखी कार्डे आली. प्रत्येकाची खाच वेगळी, त्यामुळे एका प्लेअरचे कार्ड दुसऱ्यात चालत नसे.

१९९९ साली पॅनासॉनिकची मूळ कंपनी मात्सुशिता, तोशिबा आणि सॅनडिस्क या तिघांनी मिळून एस.डी. कार्ड जाहीर केले. पुढे त्याचेच छोटे भावंड मायक्रो एस.डी. २००५ साली आले. त्याची लांबी १५ मिलिमीटर, रुंदी ११ मिलिमीटर आणि जाडी अवघी १ मिलिमीटर. मोबाईल फोनमुळे ते घरोघर पोहोचले आणि बाकीची कार्डे मागे पडली.

दुसरीकडे ॲपल कंपनीने २००१ साली आयपॉड आणला. त्यात कार्डाला खाचच नव्हती. जेवढी जागा आत असेल तेवढीच. हा माल जगभर खपला, पण मे २०२२ मध्ये कंपनीने आयपॉडची शेवटची जातही बंद केली. ज्यांची गाणी केवळ अशा बंद डब्यात होती, त्यांना बॅटरी गेली की गाणी बाहेर काढण्यासाठी दुरुस्तीवाल्याचे दार ठोठवावे लागते. काढता येणारे कार्ड असेल तर प्लेअर मेला तरी कार्ड दुसऱ्या प्लेअरमध्ये जाते. कार्डाच्या बाजूने हा सर्वांत मोठा मुद्दा आहे.

यावरून एवढे लक्षात घ्यावे की माध्यम निवडताना ते किती नवे आहे यापेक्षा ते किती ठिकाणी चालते हे महत्त्वाचे. आज त्या कसोटीला मायक्रो एस.डी. आणि पेनड्राईव्ह ही दोनच माध्यमे उतरतात.

फोनवर सगळे मिळते, मग कार्ड कशाला?

हा प्रश्न आम्हाला अनेकांनी विचारला. प्रसिद्ध गाणी फोनवर ऐकता येतात हे खरे आहे. परंतु त्यासाठी नेटवर्क लागते. कोकण रेल्वेने गावी जाणाऱ्यांना बोगद्यांचा अनुभव आहेच. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटर लांब आहे. वयस्कर माणसांना फोनवरील बटणांचा गोंधळ नको असतो, त्यांना एक बटण दाबले की गाणे लागणारा डबा हवा असतो. सारेगामा कंपनीने २०१७ साली पाच हजार जुनी गाणी आधीच भरलेला 'कारवां' हा संच काढला आणि त्याला चांगली मागणी आली, ती याच कारणामुळे. त्यालाही पेनड्राईव्ह लावण्याची सोय ठेवलेली आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरची ध्वनिमुद्रणे. मोहल्ल्यातील कव्वालीचा कार्यक्रम, चाळीच्या चौकातील भजन, दुबईहून वडिलांनी पत्राऐवजी भरून पाठविलेली कॅसेट, लग्नातील गाणी. ही कोणत्याही कंपनीच्या भांडारात नाहीत. ती तुमच्या माळ्यावरच आहेत.

जागा किती लागते?

विक्रेता नेहमी मोठे कार्ड पुढे करतो. आपला हिशेब आपण करावा. साधारण दर्जाची, म्हणजे १२८ केबीपीएसची एम.पी.थ्री फाईल मिनिटाला सुमारे १ एम.बी. जागा घेते. उत्तम दर्जाची ३२० केबीपीएसची फाईल मिनिटाला २.४ एम.बी. घेते. म्हणजे ६० मिनिटांची कॅसेट साध्या दर्जात सुमारे ५८ एम.बी. आणि उत्तम दर्जात १४४ एम.बी. होते. अशा शंभर कॅसेटी साध्या दर्जात सहा जी.बी.च्या आत आणि उत्तम दर्जात साडेचौदा जी.बी.च्या आत बसतात.

३२ जी.बी.च्या कार्डात पाच मिनिटांची गाणी साध्या दर्जात साडेसहा हजारांवर आणि उत्तम दर्जात अडीच हजारांवर मावतात. रोज दोन तास ऐकले तरी अडीच हजार गाणी संपायला तीन महिन्यांहून अधिक काळ लागेल. तेव्हा सामान्य घराला ३२ जी.बी. पुरेसे होते. ज्यांना आवाजात काटछाट न करणाऱ्या 'फ्लॅक' फाईली ठेवायच्या आहेत त्यांनाच मोठ्या कार्डाची गरज आहे, कारण पाच मिनिटांच्या गाण्याला तिथे सुमारे ३० एम.बी. लागतात.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ३२ जी.बी.चे अस्सल कार्डही संगणकात २९ जी.बी.च्या आसपास दिसते. ही फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १०२४ च्या पटीत मोजतो, त्यातून हा फरक पडतो. दुकानदाराने हे आधीच सांगितले तर पुढची वादावादी टळते.

तुमचा प्लेअर कोणते कार्ड वाचतो?

बाहेरून सारखी दिसणारी मायक्रो एस.डी. कार्डे आतून मुख्यतः तीन प्रकारची असतात. २ जी.बी.पर्यंतच्या कार्डाला नुसते 'एस.डी.' म्हणतात. त्याहून मोठे ते ३२ जी.बी.पर्यंतचे 'एस.डी.एच.सी.', हा प्रकार २००६ सालचा. ३२ जी.बी.च्या पुढे २ टी.बी.पर्यंतचे 'एस.डी.एक्स.सी.', हा २००९ सालचा. ही अक्षरे कार्डावरच छापलेली असतात.

नवा प्लेअर जुने कार्ड वाचतो, पण जुना प्लेअर नवे कार्ड वाचेलच असे नाही. २००६ पूर्वीच्या प्लेअरला ४ जी.बी.चे कार्ड बहुधा कळतच नाही. आजच्या स्वस्त प्लेअर व स्पीकरांपैकी बरेच ३२ जी.बी.वर थांबतात. त्याचे कारण कार्डातील मांडणीत आहे. एस.डी.एच.सी. कार्ड 'फॅट-३२' या पद्धतीने मांडलेले असते आणि ही पद्धत जवळजवळ प्रत्येक यंत्राला समजते. एस.डी.एक्स.सी. कार्ड 'एक्सफॅट' पद्धतीने येते आणि ती स्वस्त प्लेअरला अनेकदा समजत नाही. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये ३२ जी.बी.पेक्षा मोठ्या कार्डाला फॅट-३२ देण्याची सोय कित्येक वर्षे नव्हती, त्यामुळे गिऱ्हाईक घरी काही करूही शकत नसे.

म्हणून आमचा सल्ला असा की प्लेअर सोबत घेऊनच दुकानात जावे. कार्ड घालून गाणे वाजल्याशिवाय पैसे देऊ नयेत. प्लेअरच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात किती जी.बी.पर्यंतचे कार्ड चालते ते लिहिलेले असते, तेही वाचावे.

पेनड्राईव्ह, सी.डी. की कार्ड?

पेनड्राईव्ह २००० च्या सुमारास बाजारात आला. घरातला स्पीकर किंवा गाडीतला प्लेअर यासाठी तो चांगला. हाताळायला सोपा, सहज हरवत नाही, संगणकात घालायला वेगळे रीडर लागत नाही. पण खिशातल्या प्लेअरला तो बाहेर लटकत राहतो. लोकलच्या गर्दीत एक धक्का बसला की पेनड्राईव्ह तर तुटतोच, प्लेअरची खाचही ढिली होते. फिरताना ऐकणाऱ्याने कार्डच घ्यावे.

कार्डाचा दोष म्हणजे त्याचा आकार. ते हरवायला क्षण पुरतो. कार्डाबरोबर प्लास्टिकची छोटी डबी आणि मोठ्या एस.डी.च्या आकाराचा अडॅप्टर मिळतो, तो फेकून देऊ नये. कार्ड प्लेअरमध्ये नसेल तेव्हा त्यातच ठेवावे.

एम.पी.थ्री सी.डी. एकेकाळी फूटपाथवर ढिगाने विकली जात होती. एका सी.डी.त ७०० एम.बी., म्हणजे साध्या दर्जाची बारा तासांची गाणी मावत. आता ती वाजविणारे फिरते प्लेअर दुर्मीळ झाले आहेत. शिवाय ओरखडा पडला की गाणे अडखळते. ज्यांच्याकडे अशा सी.डी. आहेत त्यांनी त्यांतील गाणी आताच कार्डावर उतरवून घ्यावीत.

फोनमधील कार्डाविषयीही एक शब्द. बऱ्याच महागड्या फोनांतून कार्डाची खाच काढून टाकलेली आहे. फोन बदलताना जुन्या फोनमधील कार्ड नव्यात जाईल असे गृहीत धरू नये.

वेगासाठी जादा पैसे देऊ नका

कार्डावर 'क्लास ४', 'क्लास १०' अशा खुणा असतात. हा लिहिण्याचा किमान वेग आहे. क्लास ४ म्हणजे सेकंदाला ४ एम.बी., क्लास १० म्हणजे १० एम.बी. व्हिडिओ कॅमेऱ्याला हा वेग लागतो. गाण्याला किती लागतो? ३२० केबीपीएसचे गाणे सेकंदाला केवळ ०.०४ एम.बी. मागते. म्हणजे क्लास ४ चे कार्डही गाण्याच्या गरजेच्या शंभरपट वेगवान आहे. वेगवान कार्डाने गाणे अधिक सुरेल वाजते असे कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

वेगाचा फायदा होतो तो फक्त कार्ड भरताना. ३२ जी.बी. भरायला सेकंदाला १० एम.बी.च्या वेगाने सुमारे ५५ मिनिटे लागतात, तर ४ एम.बी.च्या वेगाने सव्वादोन तास. रोज कार्डे भरून देणाऱ्या दुकानदाराला हा फरक पडतो. घरी वर्षातून एकदा भरणाऱ्याला पडत नाही.

मापात पाप

आता मुख्य धोक्याकडे वळू. प्रत्येक कार्डात एक छोटा नियंत्रक असतो. कार्डात किती जागा आहे हे तोच संगणकाला सांगतो. भामटे लोक ४ किंवा ८ जी.बी.चे कार्ड घेऊन त्या नियंत्रकाला १२८ जी.बी. सांगायला शिकवितात आणि वर तशी छपाई करतात. संगणक त्यावर विश्वास ठेवतो. खरी जागा भरल्यावर पुढचा माल कुठेच जात नाही किंवा आधीच्या मालावर लिहिला जातो. फाईलींची यादी मात्र व्यवस्थित दिसते. तराजूच्या पारड्याखाली चुंबक लावण्याचाच हा प्रकार आहे.

अशा कार्डाची परीक्षा करण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे. ते पूर्ण भरावे आणि पूर्ण वाचावे. यासाठी 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' आणि 'एफ-थ्री' हे कार्यक्रम फुकट मिळतात. ते कार्ड काठोकाठ भरतात, परत वाचतात आणि किती माल खरा परत आला ते सांगतात. ही परीक्षा कोऱ्या कार्डावरच करावी. कार्यक्रम चालविता येत नसेल तर कार्ड गाण्यांनी पूर्ण भरावे, बाहेर काढून पुन्हा घालावे आणि सुरुवातीचे, मधले व अगदी शेवटचे गाणे वाजवून पाहावे. तेवढे केले असते तर आमची दादीची कॅसेट वाचली असती.

खरेदीच्या वेळी पाकीट पाहावे. २०११ च्या वेष्टित वस्तू नियमांप्रमाणे पाकिटावर उत्पादकाचे वा आयातदाराचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना व वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असला पाहिजे. सुटे कार्ड घेऊ नये. पक्के बिल मागावे आणि बिलावर कार्डाची क्षमता लिहून घ्यावी. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे, पण बिल नसेल तर तक्रारीत दम राहत नाही.

कार्ड ही तिजोरी नव्हे

अस्सल कार्डही कायमचे नसते. त्यात माहिती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात साठविलेली असते आणि तो भार वर्षानुवर्षे हळूहळू झिरपतो. ऐकण्याने कार्ड झिजत नाही, वारंवार पुसून भरण्याने झिजते. पण कपाटात दहा-पंधरा वर्षे पडून राहिलेल्या कार्डाचा भरवसा धरू नये. कंपनीची वॉरंटी असते ती कार्डाची. कार्ड बदलून मिळते, आतली गाणी परत मिळत नाहीत.

म्हणून कार्डाकडे पिशवीसारखे पाहावे. पिशवीतून माल नेता येतो, पिढ्यान्‌पिढ्या साठविता येत नाही. घरच्या ध्वनिमुद्रणाच्या किमान दोन प्रती वेगवेगळ्या जागी असाव्यात. एक घरातील हार्डडिस्कवर, दुसरी गावी किंवा बहिणीच्या घरी. तिसरी प्रत कार्डावर, ऐकण्यासाठी. वर्षातून एकदा, समजा सणाच्या आवराआवरीत, त्या वाजवून पाहाव्यात. आणि मूळ कॅसेट टाकायची असेल तर या प्रती तपासून झाल्यावरच टाकावी.

आणखी काही बारीक गोष्टी. संगणकातून कार्ड एकदम ओढून काढू नये, काढण्याची आज्ञा देऊन मगच काढावे. फाईलींची नावे रोमन लिपीत द्यावीत, कारण स्वस्त प्लेअरच्या पडद्यावर देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. असे बरेच प्लेअर गाणी ज्या क्रमाने कार्डावर भरली त्याच क्रमाने वाजवितात. म्हणून नावाआधी ००१, ००२ असे क्रमांक घालून त्याच क्रमाने भरावीत.

दुकानदारांसाठी दोन शब्द

मोबाईल दुरुस्तीचे किंवा झेरॉक्सचे छोटे दुकान चालविणाऱ्याने मोठ्या क्षमतेच्या कार्डांत भांडवल अडकवू नये. या मालाचा दर खाली-वर होत असतो आणि दर पडला की पडून राहिलेल्या मालावर तोटा येतो. ३२ जी.बी.ची थोडी अस्सल कार्डे अधिकृत वितरकाकडून पक्क्या बिलावर आणावीत आणि प्रत्येक खेपेतील एक-दोन कार्डे वर सांगितल्याप्रमाणे तपासावीत. गिऱ्हाइकासमोर कार्ड तपासून देणारा दुकानदार चार पैसे जास्त घेऊ शकतो, आणि गिऱ्हाईक ते खुशीने देते.

खरा धंदा मात्र कार्डात नाही, कॅसेटी उतरवून देण्यात आहे. एक चांगला डेक, एक तार, एक संगणक आणि 'ऑडॅसिटी' हा फुकट मिळणारा कार्यक्रम एवढे साहित्य पुरते. मात्र ६० मिनिटांची कॅसेट उतरवायला ६० मिनिटेच लागतात, तेव्हा दर तासाच्या हिशेबाने लावावा. मुंबईच्या दमट हवेत कॅसेटीवर पांढरी बुरशी चढते. अशी कॅसेट साफ केल्याशिवाय डेकमध्ये घालू नये, नाहीतर फीत तुटते आणि डेकही खराब होतो. उतरविलेल्या फाईली गिऱ्हाईक खात्री करीपर्यंत निदान महिनाभर स्वतःकडे ठेवाव्यात.

एका गोष्टीपासून दूर राहावे. कंपन्यांची गाणी परवान्याशिवाय कार्डावर भरून विकणे हा १९५७ च्या कॉपीराईट कायद्याखाली गुन्हा आहे. कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. 'जुनी गाणी मोकळी असतात' हेही अर्धसत्य आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांनी संपतो, उदाहरणार्थ १९६० साली प्रसिद्ध झालेल्या मुद्रणाचा २०२० अखेर संपला. परंतु गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात आणि ते गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात. गिऱ्हाइकाच्या घरची ध्वनिमुद्रणे उतरवून देण्यात असा प्रश्न बहुधा येत नाही, आणि त्या कामाला मरणही नाही.

सारांश

फिरता प्लेअर असेल तर मायक्रो एस.डी. कार्ड, घरातील स्पीकरला पेनड्राईव्ह. क्षमता ३२ जी.बी., वेग साधा, पाकीट बंद, बिल पक्के. घरी आणल्यावर काठोकाठ भरून शेवटचे गाणे ऐकावे. दोन प्रती अन्यत्र झाल्याशिवाय मूळ कॅसेट हातची सोडू नये.

आमच्याकडे २७ कॅसेटी उरल्या. त्या आता दोन घरांत, दोन हार्डडिस्कांवर आहेत. ज्यांच्या माळ्यावर अजून पिशवी आहे, त्यांनी भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी ती एकदा खाली काढावी, एवढीच विनंती.